रुख्माबाईंचं वाण

रोहणा गावात यंदा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून संत्री गळायला लागली. आंबिया, म्हणजे थंडीत फुललेल्या बहाराची फळं थोडीफार जमिनीवर यायचीच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण यंदा सकाळी बगीच्यात पाऊल टाकावं तर प्रत्येक झाडाखाली सडा. फळ वरून धडधाकट, हातात घेतलं तर जड. फक्त सालीवर कुठेतरी सुईने टोचल्याएवढं भोक. त्याच्या बाजूला अंगठा दाबला की आतून आंबूस रसाची चिळकांडी उडायची. वासुदेवराव असेच एक बगीचेवाले, त्यांच्या डोळ्यात एकदा ती गेली, तेव्हापासून ते गळलेलं फळ हाताने उचलायचे नाहीत, काठीने ढकलायचे.

रोग म्हणावा तर पानं हिरवीगार. किडा म्हणावा तर दिवसभर शोधून एक सापडेना. फवारे मारून झाले, खत बदलून झालं, गळ काही थांबली नाही. आता, जे दिसत नाही ते माणसाला फार दिवस झेपत नाही. त्याला कुणाचं तरी नाव दिल्याशिवाय चैन पडत नाही. रोहण्यात हे काम रूपरावांनी आपणहून अंगावर घेतलं. रूपराव म्हणजे वासुदेवरावांचे बगीच्याशेजारी. आवाज मोठा, आणि पानठेल्यावर बसायला वेळही मोठा.

"साऱ्या गावची फळं गळून राह्यली," ते म्हणायचे, "एकीचीच काऊन नाई गळत? सांगा मले."

ती एक म्हणजे शकुंतलाबाई. तिचा बगीचा नाल्यापलीकडे, सगळ्यांत लांबचा. नवरा हरिदास चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलात महामारीत गेला, तेव्हापासून दोन गाई आणि दीडशे झाडं एवढाच तिचा संसार. गाई बगीच्यातल्या कोठ्यात बांधलेल्या असायच्या. डासांनी त्या बेजार होतात म्हणून ती रोज दिवस मावळताना झाडांमधून चार ठिकाणी गोवऱ्या आणि कडुनिंबाचा ओला पाला पेटवून धूर करायची. हा धूर सारं गाव चार वर्षं पाहत होतं. यंदाच तो डोळ्यात खुपायला लागला.

"कायचा धूर हाय तो? काय जाळते ती तिथं?" रूपरावांनी विचारलं, आणि ज्यांना उत्तर ठाऊक होतं तेही गप्प बसले.

हे बोलणं रोज घरी रुख्माबाईंच्या कानावर यायचं. वासुदेवरावांची बायको, अठ्ठावन्न वर्षांची, गावात शब्दाला मान असलेली बाई. पण शकुंतलाबाईचं नाव निघालं की त्यांना एक जुना दिवस आठवायचा, आणि आठवला की त्या लगेच उठून दुसऱ्या कामाला लागायच्या.

त्या एप्रिलात, त्याच दवाखान्यात, हरिदासच्या शेजारच्या खाटेवर वासुदेवराव होते. सतरा दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी. हरिदास नवव्या दिवशी गेला. वासुदेवराव घरी आले. रुख्माबाई रोज गुळवेलीचा काढा करून डब्यासोबत पाठवत होत्या. परसातल्या कडुनिंबावर चढलेली जुनी वेल होती, तिचं बोटभर खोड ठेचून, उकळून. ऑक्सिजन दवाखान्याचा, इंजेक्शनं दवाखान्याची, जागरण नर्सबाईंचं, आणि नाव झालं गुळवेलीचं. वासुदेवराव स्वतःच सांगत सुटले, "मले तं हिच्या वेलीनं वापस आणलं." अजूनही सकाळी पेलाभर काढा पोटात गेल्याशिवाय ते चहाला शिवत नाहीत. एखाद दिवशी काढ्याला उशीर झाला तर त्यांचा चेहरा उतरतो आणि ते उगाच छातीवर हात फिरवत बसतात.

पुढच्या संक्रांतीला रुख्माबाईंनी ठरवलं, यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या वाट्या आणि कंगवे लुटायचे नाहीत. साठ सवाष्णींना त्यांनी गुळवेलीच्या वीतभर कांड्यांचं वाण दिलं. कांडी ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वर हळदकुंकवाचं बोट.

"बगीच्याच्या कुंपनाले लावजा," त्या एकेकीला सांगत होत्या. "तुमचं कुकू अमर राहीन."

गुळवेलीला लाड लागत नाहीत. कांडी टेकवली की लागते, कापली तरी वरून दोऱ्यासारखी मुळं सोडून पुन्हा जमीन गाठते. तीन पावसाळ्यांत तिने गावातल्या साऱ्या बगीच्यांची कुंपणं हिरवी करून टाकली. बायका कौतुकाने म्हणायच्या, हे रुख्माबाईंचं वाण.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी शकुंतलाबाईही आली होती. आत नाही, दाराशीच उभी. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. रुख्माबाईंनी तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. तो हात मागे गेला नाही. परातीतल्या कांड्यांकडे बघत तसाच पुढे राहिला. रुख्माबाईंनी परातीवर पदर ओढून घेतला. विधवेला वाण देत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही, आपला हात आपोआप मागे येतो. शकुंतलाबाई तिळगूळ तोंडात न टाकता मुठीत धरून गेली.

पितृपक्ष लागला त्या सकाळी सून वर्षाली परसातून गुळवेलीचं एक पान धरून आत आली. वर्षाली शेतकी शिकलेली. नवरा चंदन वर्ध्याला नोकरीवर, शनिवारी येणारा, त्यामुळे शेत हीच पोरगी बघते.

"आई, हे पाहा."

पानावर करंगळीएवढी अळी होती. मखमली, काळपट तपकिरी, डोकं पोटाशी दुमडून बसलेली. तिच्या दोन्ही अंगांना मोठाले डोळे होते. काळी बुबुळं, भोवती पिवळट कडं. ते डोळे खरे नाहीत, पाखरांना भिववण्यासाठी अंगावर असलेले ठिपके आहेत, असं वर्षालीने सांगितलं. पण रुख्माबाईंना ते आपल्याकडेच बघतायत असं वाटलं.

"हे तं आपल्या वेलीवर दोन सालांपासून दिसते," त्या म्हणाल्या. "मीनंच फवारा नाई मारू देला. काढ्याची वेल हाय ते."

वर्षालीने पान उलटून पाहिलं. मग खाली बसली.

"आई, हे अळी संत्र्याले तोंड लावत नाई. हिले गुळवेल पाह्यजे, नाईतं तिच्याच जातीची वासनवेल. पानं खाऊन मोठी होते, पानाच्याच घडीत कोश करते, अन् दहा-बारा दिवसांनी पतंग होऊन निंगते. तो पतंग वेलीवर येते फक्त अंडे द्याले. खायाले त्याले फळ लागते. त्याची सोंड काट्यावाली असते, सालीत आरपार जाते. अंधार पडल्यावरच येते, म्हनून कोनाले दिसला नाई."

"आपल्याच गावात कुठून आला मंग?"

"गावात काय, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हाय तो. पयले वेल जंगलात होती अन् फळ बगीच्यात. दोघांत अंतर होतं. आता दोन्ही एकाच कुंपनात हायेत."

कुंपणात ती कुणी आणली हे वर्षालीने म्हटलं नाही. सून शहाणी होती. रुख्माबाईंनी हातातली तांदळाची ताटली खाली ठेवली.

"शकुंतलाकाकूच्या कुंपनाले वेल नाई," वर्षाली हळूच म्हणाली. "अन् तिच्या इथं धूर असते. धुरात हा पतंग येत नाई. करनी नाई, काई नाई. आपन सांगून द्याव लोकायले."

"कोनाजवळ बोलली काय तू हे?"

"नाई."

"बोलू नोको. मले माह्या डोळ्यानं पाहू दे. निंगू दे त्या कोशातून काय निंगते ते."

वर्षालीने लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, अळी पानांसकट आत ठेवली आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. बरणी फडताळात गेली. रुख्माबाईंना पक्कं माहीत होतं की सून खरं बोलते आहे. तरी त्यांनी बारा-पंधरा दिवस मागून घेतले. वाण परत घ्यायचं म्हणजे साठ घरांत जाऊन सांगायचं, की मी दिलेलं सौभाग्य उपटून टाका. आणि स्वतःच्या परसातली वेल? तिला विळा लावायचा म्हणजे कुणाच्या आयुष्याला विळा लावायचा, हा विचार मनात आला की त्या परसाकडचं दार लावून घ्यायच्या. कोशातून दुसरंच काही निघेल, साधं पांढरं फुलपाखरू निघेल, अशी आशा त्या धरून बसल्या.

तिसऱ्या दिवशी अळीने दोन पानं ओढून शिवली आणि आत गेली. मग बरणीत काही हलेना.

बाहेर मात्र हलत होतं. पहिल्या आठवड्यात रतिबाच्या घरांनी शकुंतलाबाईचं दूध बंद केलं. नंतर निंदणाच्या बायका तिच्याकडे जाईनाशा झाल्या. एका सकाळी तिच्या फाटकासमोर कुणीतरी राखेचं मडकं फोडलेलं निघालं. कुणी फोडलं हे कुणी विचारलं नाही.

एके दिवशी रुख्माबाईंना ती गल्लीत समोरूनच भेटली. हातात दुधाची भरलेली कॅन, तशीच परत चाललेली.

"वयनी, मी काई केलं काय?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "माह्याकून काई चुकलं असन तं तोंडावर सांगा. माह्याशी कोनी बोलूनच नाई राह्यलं."

रुख्माबाईंना वाटलं, आत्ताच, इथेच सांगून टाकावं.

"लोकायचं काय मनावर घेतं, बाई," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. घरी येऊन त्यांनी फडताळ उघडलं, बरणीतल्या शिवलेल्या पानांकडे पाहिलं आणि फडताळ लावून टाकलं.

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी वर्षालीने काहीही न बोलता बरणी ओट्यावर आणून ठेवली. शिवलेली पानं फाटली होती. फडक्याला उलटा लटकून एक पतंग बसला होता, वाळक्या पानासारखा, शिरांसकट. वर्षालीने बरणीवर टिचकी मारली. पतंगाने वरचे पंख उघडले आणि खालचे दिसले. भडक केशरी, काळी किनार, मधोमध बाकदार काळा डाग. असला केशरी रंग रुख्माबाईंनी फक्त पिकलेल्या संत्र्यावर पाहिला होता.

"हाच," वर्षाली म्हणाली.

घरात पितरांचा स्वयंपाक होता. वडे तळून झाले, छपरावर घास ठेवून झाला. जेवणं आटोपल्यावर रूपराव दारात आले आणि ओसरीवरूनच बोलले.

"वासुदेवभाऊ, दिवस मावळला का निंगू. तिच्या त्या धुराच्या जाग्या हायेत ना चार, खोदून काढू. काय पुरलं ते दिसनच. आज अमावस्या हाय, आज नाई तं कदीच नाई. तुमी मोठे, तुमी पुढे पाह्यजे."

"हे कायद्यात बसत नाई, काका," वर्षाली आतून म्हणाली.

"फळं गळतात ते कायद्यात बसते काय?" रूपराव म्हणाले आणि गेले.

वासुदेवरावांनी टोपी घातली. रुख्माबाईंनी त्यांच्यासमोर बरणी आणून ठेवली आणि सगळं सांगितलं. अळी, वेल, वाण, पंधरा दिवस. सांगताना त्या रडल्या नाहीत. वासुदेवराव पतंगाकडे बघत राहिले.

"मंग आता?"

"आता वेल कापा लागते. आपली पयले. मंग साऱ्यायची."

वासुदेवरावांचा हात छातीवर गेला. चार वर्षं दवाखान्यातली नळी ते विसरले नव्हते. शेजारची खाट रिकामी झाली ती रात्रही विसरले नव्हते. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं चाळीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं.

"तू माह्या जीवावर उठली काय, रुख्मे?" ते म्हणाले. "दुसऱ्याच्या बाईपायी?"

ते बाहेर पडले, रूपरावांबरोबर गेले नाहीत, ओसरीवर भिंतीला टेकून बसले. रुख्माबाईंनी दिवस मावळायची वाट पाहिली. का पाहिली, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. कदाचित ती माणसं आपापल्या घरी जातील, रूपरावांचं पोट दुखेल, पाऊस येईल. नाल्याकडे बॅटऱ्यांचा उजेड जाताना दिसला तेव्हा त्यांनी विळा घेतला.

कडुनिंबाखाली अंधार होता. गुळवेलीचं खोड मनगटाएवढं जाड झालेलं. पहिल्या घावाला विळा अडकला. दुसऱ्या घावाला ओला कडवट वास आला, रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचा तोच. चौथ्या घावाला वेल तुटली आणि वरच्या फांद्या एकदम हलल्या. ओसरीवर वासुदेवराव कण्हल्यासारखे काहीतरी बोलले. रुख्माबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

बरणी पदराखाली धरून त्या आणि वर्षाली नाल्यापलीकडे पोचल्या तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. शकुंतलाबाईच्या बगीच्यात दहा-बारा माणसं. धुराच्या चारही जागांवर पाण्याच्या घागरी ओतलेल्या, राखेचा चिखल झालेला, त्यात गुडघाभर खड्डे. गाई कोठ्यात हंबरत होत्या. शकुंतलाबाई कोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. चौथा खड्डा चालू होता, आणि त्यातही मातीशिवाय काही निघालं नव्हतं, म्हणून माणसं आणखी चिडली होती.

"थांबा," रुख्माबाई म्हणाल्या.

त्यांनी खाली पडलेल्या टोपलीतलं एक पिकतं संत्रं बरणीत टाकलं आणि बरणी खड्ड्याच्या काठावर ठेवली. वर्षालीने बॅटरीवर ओढणी धरली, उजेड मंद केला. सगळे वाकले. जरा वेळ काहीच झालं नाही, आणि कुणीतरी हसलं. मग पतंग फळावर चढला. गुंडाळलेली सोंड उलगडली, सालीवर टेकवली, डोकं गदागदा हलवलं, आणि सोंड आत गेली. सालीवर रसाचा थेंब आला. हसणारा आणखी खाली वाकला.

"हे माह्या वेलीवर जलमलं," रुख्माबाई म्हणाल्या. "अन् मी वाण म्हनून साठ घरी वाटलं. तुमच्या साऱ्यायच्या कुंपनात हाय. हिच्याच कुंपनात नाई, काऊन का हिले मी देलं नाई. अन् धुराले हा भिते. करनी म्हना तं माही म्हना. पंधरा दिवसांपासून मले मालूम होतं."

रूपरावांच्या हातात कुदळ होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"पन तुमी तं चांगल्यासाठीच देलं होतं, वयनी," ते म्हणाले. आवाज आता मोठा नव्हता. "आमच्या घरची बाई नाई कापू देनार तं मंग? तिनं तं कुकू लावलं हाय त्या वेलीले."

घरी ओसरीवर बसलेल्या माणसाचंही म्हणणं तेच होतं, आणि रुख्माबाईंना त्याच्याकडेच परत जायचं होतं.

"आई," वर्षाली म्हणाली.

तिने बॅटरीवरची ओढणी काढली होती आणि उजेड वर, झाडांवर टाकला होता. पानांत लाल ठिणग्या होत्या. दोन इथे, दोन तिथे, मग फळाफळावर जोडीजोडीने. हे डोळे अंगावरचे ठिपके नव्हते. उजेड जिथे जाईल तिथे ते चकाकत होते, आणि नाल्याकडून, गावाच्या बाजूने, अंधारातून आणखी पंख येत होते. चार वर्षांत पहिल्यांदा या बगीच्यात संध्याकाळी धूर नव्हता. एक संत्रं कुठेतरी टप्पकन् पडलं. पतंग टोचून गेलेलं फळ पडायला दिवस लागतात, हे कुणाच्या तरी घागरीच्या धक्क्याने पडलं असेल, पण साऱ्यांनी दचकून तिकडे पाहिलं.

माणसं एकेक करून सरकायला लागली. कुदळी उचलल्या, घागरी तशाच राहिल्या.

शकुंतलाबाई खांब सोडून पुढे आली. ओल्या राखेपाशी बसली, कोरडी गोवरी शोधून ठेवली, काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. रुख्माबाई तिच्या शेजारी चिखलातच बसल्या आणि वाऱ्याच्या बाजूने त्यांनी पदर धरला.

शकुंतलाबाईने मान वर करून झाडांकडे पाहिलं, त्या लाल डोळ्यांकडे, आणि मग रुख्माबाईंकडे.

"आखिर मलेबी भेटलं तुमचं वाण, वयनी," ती म्हणाली.

काडी पेटली होती, गोवरीने अजून धरलं नव्हतं. रुख्माबाईंनी खाली वाकून फुंकायला सुरुवात केली.